धरण जोत्याखाली, पाटीवर शंभर टक्के : साइन्ड-अनसाइन्डच्या चुका

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हे बरेच दिवस लिहायचं राहून गेलं होतं. मे महिना आला की आठवतं, म्हणून आज बसलो.

मी संभाजीनगरला एम्बेडेडचं, म्हणजे यंत्रांतल्या छोट्या कंट्रोलरच्या प्रोग्रॅमिंगचं काम करतो. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका मध्यम प्रकल्पावर पाणीपातळी मोजायचं यंत्र बसवलं. प्रकल्पाचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. विहिरीत सेन्सर, पेटीत बत्तीस बिटी कंट्रोलर आणि मॉडेम, आणि चौकीजवळ तीन आकडी एलईडी पाटी. रोज सकाळी आठला पाटीवर उपयुक्त साठ्याची टक्केवारी यायची, तीच एसेमेसनं दहा-बारा लोकांना जायची. बसवलं तेव्हा सप्टेंबर होता, तळं भरलेलं. पाटी ९८ म्हणाली, पट्टीवरचं गेज जुळलं, सगळे खूश.

पुढचा उन्हाळा बरा गेला. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस रुसला. मे महिन्यात चौकीदार मामांचा फोन आला. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो: "साहेब, तळ्यात गाळ दिसायलाय, अन् तुमची पाटी शंभर म्हणायलीय. लोकं मला विचारायलेत, काय सांगू?"

मी आधी सेन्सरवर संशय घेतला. दोन दिवस त्यातच गेले. केबल बदलली, पेटी उघडून कनेक्टर पुसले, नवा सेन्सर लावला, तरी शंभर. मग लॅपटॉप लावून कच्चे आकडे बघितले. सेन्सर पहिल्यापासून बरोबर सांगत होता. चूक या तीन ओळींत होती:

उपयुक्त = एकूण - मृत;
टक्के = उपयुक्त * १०० / क्षमता;
जर (टक्के > १००) टक्के = १००;

चारही व्हेरिएबल बत्तीस बिटी अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडा न धरणारी (उणे धरणारी ती साइन्ड). का, तर पाणी उणे कसं असेल, असं मी गृहीत धरलं होतं.

समजायला माजलगाव धरणाचे आकडे घेऊ, इथल्या बऱ्याच जणांना ते तोंडपाठ असतात. एकूण ४५४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यात मृतसाठा, म्हणजे जोत्याखालचं, कालव्यात आपोआप न जाणारं पाणी १४२, उपयुक्त ३१२. समजा एकूण पाणी १२१ वर आलं. १२१ उणे १४२ म्हणजे उणे २१. पण अनसाइन्डमध्ये उणे ही गोष्टच नाही. तिथं उत्तर येतं ४२९४९६७२७५, म्हणजे २ चा ३२ वा घात वजा २१. त्याला १०० नं गुणलं की ते पुन्हा गरकन फिरून ४२९४९६५१९६ होतं. भागिले ३१२. टक्केवारी आली १ कोटी ३७ लाख ६५ हजार ९१४.

हा आकडा पाटीवर आला असता तर कुणीही म्हणालं असतं की यंत्र बिघडलंय. पण तिसरी ओळ होती ना. ती मी पावसाळ्यात घातली होती, कारण लाटांमुळं कधी कधी १०१, १०२ यायचं. त्या ओळीनं सव्वा कोटीच्या वर गेलेल्या मूर्ख आकड्याचं एकदम शहाण्यासारखं शंभर केलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की कंपायलर एक शब्द बोलला नाही, आणि त्याचंही बरोबरच होतं. सगळे टाइप एकसारखे, म्हणजे साइन्ड-अनसाइन्डची सरमिसळ कुठंच नाही. अनसाइन्डचं असं उलटून फिरणं सी भाषेच्या नियमातच बसतं. नियमानुसार माझ्या प्रोग्रॅममध्ये चूकच नव्हती.

तुमच्या कामात अशा चुका कुठं सापडल्या, कशा सापडल्या, आणि आता तुम्ही काय पाळता, ते लिहा. नुसतं "टाइप नीट निवडा" नको. कुठली ओळ, कुठला आकडा, ते सांगा.

---

लातूरची_विद्यार्थिनी

दादा, वाचून अंगावर काटा आला. मी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक अगदी मुळातलं विचारते. उणे २१ चे ४२९ कोटी कसे होतात? आम्हाला टू'ज कॉम्प्लिमेंट (उणे आकडे बिटांत मांडायची पद्धत) शिकवलंय, परीक्षेत लिहिलंयही, पण आतून उमगलेलं नाही.

---

गोदाकाठ

आठ बिटांवर बघ, हाताशी राहील. आठ बिटांत २५६ वेगवेगळे नमुने बसतात. अनसाइन्ड म्हटलं तर ते ० ते २५५ असे वाचायचे. साइन्ड म्हटलं तर ० ते १२७ तेच राहतात, आणि १२८ ते २५५ या वरच्या अर्ध्यातून प्रत्येकी २५६ वजा करून वाचायचं. म्हणजे २५५ हा उणे १, २३५ हा उणे २१, १२८ हा उणे १२८.

प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये बिट तेच असतात, आणि बेरीज-वजाबाकीची सूचनाही तीच असते. साइन्ड की अनसाइन्ड हे फक्त तुलना, भागाकार, उजवीकडं सरकवणं आणि लहान टाइप मोठ्यात नेणं या चार ठिकाणी कळतं. माझी वजाबाकी बिटांच्या पातळीवर बरोबरच होती. घोटाळा झाला तो भागाकार आणि तुलनेत, कारण तिथं प्रोसेसरला मी सांगितलं होतं की याला मोठा धन आकडा म्हणून वाच.

ती चार व्हेरिएबल साइन्ड केली की उणे २१००ला ३१२ नं भागून उणे ६ येतं.

---

वाळूज_फर्मवेअर

धागा वाचनखूण करून ठेवला. माझा अनुभव याच्या शेजारचाच आहे, पण जास्त फसवा.

गोदाकाठ, तुम्ही जर सोळा बिटी अनसाइन्ड व्हेरिएबल घेतले असते आणि मधली वजाबाकी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये न ठेवता एकाच ओळीत सगळं लिहिलं असतं, आणि टक्के तेवढं साइन्ड ठेवलं असतं, तर तुमच्या बत्तीस बिटी एआरएम चिपवर उत्तर बरोबर आलं असतं! सी मध्ये इंटपेक्षा (नेहमीच्या साइन्ड पूर्णांक टाइपपेक्षा) लहान टाइप हिशोबाच्या आधी इंट होतात. सोळा बिटी अनसाइन्डची प्रत्येक किंमत बत्तीस बिटी इंटमध्ये बसते, म्हणून ते साइन्ड इंट होतात. १२१ उणे १४२ तिथं सरळ उणे २१.

तीच ओळ जुन्या आठ बिटी एव्हीआर चिपवर न्या. तिथं इंटच सोळा बिटांचा. सोळा बिटी अनसाइन्ड म्हणजे तिथला अनसाइन्ड इंट, त्याला वर चढायला जागा नाही. उत्तर ६५५१५.

आमच्याकडं नेमकं हेच झालं. एक कंट्रोलर आधी एआरएमवर लिहिला, चाचण्या झाल्या, सगळं पास. मग स्वस्त मॉडेल काढायचं म्हणून तोच कोड एव्हीआरवर नेला. एक अक्षर बदललं नाही. एका ठिकाणी "(सेट - आत्ताचं) < ०" अशी तुलना होती, दोन्ही सोळा बिटी अनसाइन्ड. एआरएमवर ती चालायची. एव्हीआरवर ती कधीच खरी होईना, कारण अनसाइन्ड शून्याखाली जातच नाही. भट्टीचा हीटर बंद होईना. माणूस जवळ होता म्हणून मेन स्विच पाडला.

आणि माजलगावचा आकडा घेतलात ते बरं केलं. ३१२ गुणिले १०० म्हणजे ३१२००. सोळा बिटी साइन्डची मर्यादा ३२७६७, म्हणून नशिबानं बसलं. जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी. गुणिले १०० म्हणजे २,१७,१००. सोळा बिटांत ते कुठलं मावायला. म्हणजे एका धरणावर वर्षभर नीट चाललेलं यंत्र उचलून पैठणला लावलं की पहिल्याच दिवशी चुकेल. ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेट असंच गेलं. एरियन ४ वर नीट चाललेला कोड, चौसष्ट बिटी फ्लोट सोळा बिटी साइन्डमध्ये टाकायचा, नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, आकडा मावला नाही. उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतबाहेर सगळं संपलं.

आता आमचा नियम: कोड नव्या चिपवर नेला की आधी इंट किती बिटांचा ते बघायचं, आणि प्रत्येक वजाबाकी पुन्हा हातानं तपासायची. यंत्रावर सोडायचं नाही.

---

मोसंबी_जालना

मी शेतकरी, आणि सोबत ऑटो स्टार्टर दुरुस्त करतो. शिक्षण फार नाही, अर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) स्वतःच शिकलो. माझी चूक लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

आमच्याकडं थ्री फेज लाइट रात्री-बेरात्री येते. लाइट आल्या आल्या मोटर लावली तर व्होल्टेज हलत असतं, म्हणून थोडं थांबून लावायची. किती सेकंद थांबायचं ते शेतकरी बटणानं ठरवतो. मी सेकंद इंटमध्ये घेतले, १००० नं गुणून मिलिसेकंद केले आणि ते बत्तीस बिटी अनसाइन्ड लाँगमध्ये ठेवले. माझ्या रानात ३० सेकंद ठेवलं होतं, दोन महिने चाललं. शेजारच्या गावातल्या पाहुण्यांना तसाच एक करून दिला. त्यांनी ठेवलं ६०. मोटर चालूच होईना. मोसंबीला ताण बसायला लागला, मला रोज फोन.

रात्री दोनला त्यांच्या विहिरीवर बसून सिरीयलवर आकडा छापला तेव्हा दिसलं: ४२९४९६१७६०. इंट सोळा बिटी. ६० गुणिले १००० चे ६०००० त्यात मावले नाहीत, उणे ५५३६ झाले. ते उणे अनसाइन्ड लाँगमध्ये गेले आणि ४२९ कोटी मिलिसेकंद झाले. हिशोब केला, जवळपास ४९.७ दिवस. म्हणजे स्टार्टर बंद पडलाच नव्हता. तो इमानदारीनं वाट बघत होता.

मला वाटलं होतं डाव्या बाजूला मोठा डबा ठेवला म्हणजे झालं. पण गुणाकार आधी लहान डब्यात होतो, अन् सांडलेलं मोठ्यात ओततो. आता गुणायच्या आधीच सेकंदांना अनसाइन्ड लाँग करतो.

---

बिटचा_बटवा

जालनाभाऊ, तुम्ही विहिरीवर बसून शोधलंत ते बरेच पदवीवाले एसीत बसून शोधू शकत नाहीत. मनापासून सलाम.

पण धाग्याचा सूर "अनसाइन्ड वाईट, साइन्ड चांगला" असा व्हायला लागलाय, तिथं मला थांबवावंसं वाटतं. साइन्ड उलटला तर सी भाषेत तो अव्याख्यित प्रकार आहे, म्हणजे पुढं काय होईल याची भाषा हमी देत नाही. अनसाइन्ड निदान ठरल्याप्रमाणं गोल फिरतो. साइन्डच्या बाबतीत कंपायलर असं धरून चालतो की उलटणं कधी होणारच नाही, आणि त्या भरवशावर तुमच्या तपासण्या काढून टाकतो. "जर (क्ष + १ < क्ष) तर थांब" असं लिहिलं तर ऑप्टिमायझेशन चालू असताना ती ओळच गायब होऊ शकते. सी२३ आणि सी++२० नं टू'ज कॉम्प्लिमेंट बंधनकारक केलं, पण साइन्ड उलटणं अजूनही अव्याख्यितच ठेवलंय. हा गैरसमज फार पसरलाय म्हणून मुद्दाम लिहितो.

शिवाय वेळेच्या हिशोबात गोल फिरणं हेच हवं असतं. मिलिसेकंदांचा बत्तीस बिटी काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. "आत्ता - सुरुवात >= थांबा" असं अनसाइन्डमध्ये लिहिलं तर काउंटर मध्येच उलटला तरी फरक बरोबर येतो. "आत्ता >= सुरुवात + थांबा" लिहिलं तर पन्नासाव्या दिवशी फसता. दोन्ही ओळी शाळेच्या गणितात एकच आहेत, इथं नाहीत.

लिनक्स कर्नलनं यावर जे केलंय ते मला फार आवडतं. त्यांचा वेळ मोजणारा जिफीज काउंटर बत्तीस बिटी मशीनवर शून्यापासून सुरू होत नाही. उलटायला पाच मिनिटं बाकी असतील अशा आकड्यापासून सुरू होतो. म्हणजे ज्याच्या ड्रायव्हरमध्ये ही चूक आहे त्याला ती पन्नास दिवसांनी नाही, बूट झाल्यावर पाच मिनिटांतच टेबलावर दिसते.

आणि साइन्डमध्ये वेळ मोजून काय होतं तेही बघा. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्राधिकरणानं बोइंग ७८७ साठी आदेश काढला होता, की सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटरच्या कंट्रोल युनिटमधला काउंटर उलटून वीज बंद पडू शकते. सेकंदाचे शंभर भाग करून साइन्ड बत्तीस बिटांत मोजत बसलात तर नेमके २४८ दिवस भरतात.

---

गोदाकाठ

बटवा, मान्य. सूर तसा झाला असेल तर तो माझ्यामुळं. वेळ, बिटमास्क, हार्डवेअरची रजिस्टरं, रिंग बफर, चेकसम इथं अनसाइन्डच हवा. माझं म्हणणं एवढंच की "ही गोष्ट उणे नसते" हे अनसाइन्ड निवडायचं कारण पुरेसं नाही. एकूण साठा उणे नसतो, मृतसाठा उणे नसतो, पण त्यांचा फरक असतो. टाइप ठरवताना त्या आकड्याकडं बघून चालत नाही, त्याच्याशी पुढं काय होणार ते बघावं लागतं.

---

मोंढा_काटा

मी इलेक्ट्रॉनिक वजनकाटे आणि मोंढ्यातल्या पावती प्रिंटरचं काम करतो. काट्यात तुमच्यासारखंच असतं: भरलेली गाडी वजा रिकामी गाडी. काट्यावरचं टोपलं काढलं की उणे दिसायलाच हवं, ते आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून तिथं नाही फसलो. फसलो मराठीत.

पावती मराठीत छापायची होती. शेतकऱ्याचं नाव, गाव, माल: तूर, सोयाबीन, हरभरा, हळद. प्रत्येक बाइटला टेबलात बघून पुढं काय करायचं ते ठरवणारं छोटं फंक्शन लिहिलं. बाइट कॅर (एका बाइटचा अक्षराचा) टाइपचा घेतला. बोर्डवर झकास छापलं. मग लॅपटॉपवर त्याचा सिम्युलेटर केला तर इंग्रजी पावती छापायची आणि मराठी आली की धाडकन पडायचा.

सी भाषेत नुसता कॅर साइन्ड की अनसाइन्ड हे ठरलेलं नाही, ते कंपायलर आणि चिपवर सोडलंय. इंटेलच्या लॅपटॉपवर जीसीसी तो साइन्ड धरतो, एआरएमवर सहसा अनसाइन्ड. आता "हळद" मधला ळ घ्या. यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट: २२४, १६४, १७९. साइन्ड कॅरमध्ये तेच होतात उणे ३२, उणे ९२, उणे ७७. मी टेबलात उणे ३२ व्या घरात बघत होतो, म्हणजे टेबलाच्या बाहेर, मागच्या बाजूला.

इंग्रजीची सगळी अक्षरं १२७ च्या आत. म्हणून इंग्रजीत तपासणाऱ्याला ही चूक जन्मात दिसणार नाही. देवनागरीचं एकही अक्षर १२७ च्या आत बसत नाही, त्यामुळं आपल्याकडं ती पहिल्याच शब्दाला दिसते. मला तर वाटतं, बाइट हाताळणाऱ्या प्रत्येक फंक्शनला चाचणीत एक मराठी वाक्य द्यावं. फुकटात चूक सापडते.

फाइल अक्षर-अक्षर वाचणाऱ्या फंक्शनचं उत्तर कॅरमध्ये ठेवणं हीसुद्धा याच जातीची चूक. ते इंट देतं, कारण फाइल संपली की उणे १ द्यायचा असतो. अनसाइन्ड कॅरमध्ये ठेवलं तर उणे १ चे २५५ होतात आणि वाचन कधी संपतच नाही.

---

वाळूज_फर्मवेअर

मराठी वाक्याची चाचणी उद्यापासून आमच्याकडं. खरंच.

---

खिडकी_उघडी

मी सुरक्षेच्या बाजूनं बघतो. वर आलेल्या चुकांत यंत्र चुकलं. हीच चूक पाकिटाच्या लांबीत आली की बाहेरचा माणूस आत येतो.

नमुना ठरलेला असतो. मॉडेमवरून पाकीट येतं, त्यात लांबी लिहिलेली. ती इंटमध्ये घेतली. मग "जर (लांबी > २५६) तर नाकार" अशी तपासणी. पाठवणाऱ्यानं लांबी उणे १ पाठवली. उणे १ हा २५६ पेक्षा लहान, तपासणी पास. पुढं मेमरीत नक्कल करणाऱ्या मेमकॉपी फंक्शनला ती दिली. मेमकॉपी लांबी अनसाइन्ड मागते. उणे १ तिथं ४२९ कोटी होतो. तपासणी एका टाइपमध्ये, वापर दुसऱ्या टाइपमध्ये, आणि मधल्या फटीतून सगळं जातं. २००२ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये हेच सापडलं होतं. गेटपीअरनेम हा सिस्टीम कॉल आणि त्याच्या भावंड कॉलना उणे लांबी देऊन कर्नलची मेमरी वाचता येत होती.

उलट दिशेनंही होतं. रीड हा कॉल चुकला की उणे १ देतो. तुम्ही "जर (वाचले < साइझऑफ बफर)" असं लिहिलं. साइझऑफ अनसाइन्ड, म्हणून तुलनेआधी तुमचा उणे १ ही अनसाइन्ड होतो, सगळ्यात मोठा आकडा बनतो, आणि चूक झाली असताना कोड समजतो की बफर भरून वाचलंय.

२०१९ मधलं सुडोचं (दुसऱ्या वापरकर्त्याच्या, बहुधा सर्वाधिकारी रूटच्या, नावानं आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) प्रकरणही वाचा. "रूट सोडून कुणीही" अशी परवानगी असलेल्या वापरकर्त्यानं यूजर क्रमांक उणे १ किंवा ४२९४९६७२९५ दिला की आज्ञा रूट म्हणून चालायची. ओळख बदलणाऱ्या सिस्टीम कॉलला उणे १ म्हणजे "बदलू नको", आणि सुडो स्वतः रूट म्हणून चालू असतो.

गोदाकाठ, तुमच्या पाटीचा मॉडेम बाहेरून आज्ञा घेतो का? घेत असेल तर लांबीची तपासणी बघा.

---

गोदाकाठ

घेतो. तुमचा प्रतिसाद वाचून लगेच उघडून बघितला. लांबी इंट होती आणि शून्याखालची तपासणी नव्हती. आजच बदललं. धन्यवाद, हे शब्दाला शब्द म्हणून लिहीत नाही.

---

लातूरची_विद्यार्थिनी

मी माझ्या प्रोजेक्टचा कोड तपासला. शेवटून पहिल्याकडं येणारा लूप होता, आय हा साइझ_टी, म्हणजे अनसाइन्ड, अट "आय >= ०". तो कधीच थांबणार नाही ना? शून्यानंतर वजा केलं की सगळ्यात मोठा आकडा, आणि तोही शून्यापेक्षा मोठाच. शिवाय कंपायलरच्या कुठल्या वॉर्निंग चालू ठेवू?

---

बिटचा_बटवा

बरोबर पकडलंस. आय ला एन पासून सुरू कर आणि अटीतच "आय-- > ०" लिही, म्हणजे तुलना आधी आणि वजा नंतर.

वॉर्निंगचं: जीसीसीला सी++ मध्ये डब्ल्यू-ऑल हा पर्याय टाकला की साइन-कम्पेअर (साइन्ड-अनसाइन्ड तुलनेची वॉर्निंग) येते. सी मध्ये येत नाही, त्यासाठी डब्ल्यू-एक्स्ट्रा लागतं. हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो, ते डब्ल्यू-ऑलवर निर्धास्त बसतात. साइन-कन्व्हर्जन आणि कन्व्हर्जन वेगळ्या मागाव्या लागतात. जुन्या कोडवर लावल्या तर शेकड्यांनी येतात, पण नव्या प्रोजेक्टला पहिल्या दिवसापासून लाव. चालवताना अनडिफाइन्ड सॅनिटायझर (कंपायलरचा तपासणीचा पर्याय) साइन्ड उलटणं पकडतो. गोदाकाठांची चूक तो पकडणार नाही, कारण अनसाइन्ड उलटणं नियमात बसतं. क्लँग कंपायलरमध्ये त्यासाठी अनसाइन्ड-इंटिजर-ओव्हरफ्लो असा वेगळा पर्याय आहे. लॅपटॉपवर हिशोबाचा भाग वेगळा काढून त्याखाली चालव.

रस्ट भाषेत वेगळे टाइप आपोआप मिसळत नाहीत आणि डीबग बिल्डमध्ये उलटलं की प्रोग्रॅम तिथंच थांबतो. पण "ॲज" लिहून टाइप बदललास तर तोही गुपचूप कापतो.

---

जुना_पाटबंधारे

मी निवृत्त शाखा अभियंता. मला आपला सी प्रोग्रॅम कळत नाही, पण पहिली पोस्ट दोनदा वाचली. एका गोष्टीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

"पाणी उणे कसं असेल" असे आपण लिहिले आहे. आमच्या रजिस्टरला तो प्रश्न कधी पडला नाही. धरणाच्या विमोचकाचा (कालव्यात पाणी सोडायच्या दाराचा) उंबरठा म्हणजे जोते. त्याच्या खालचे पाणी कालव्यात आपोआप जात नाही, तो मृतसाठा. पाणी जोत्याच्या खाली गेले की उपयुक्त साठ्याच्या रकान्यात उणे चिन्ह करून आकडा लिहायचा, ही आमची जुनी रीत. वर्तमानपत्रेही तसेच छापतात, "अमुक धरण उणे इतके टक्के". मराठवाड्यातल्या माणसाला धरण उणे असणे समजावून सांगावे लागत नाही. लातूरला मांजरा धरणाचे पाणी येते. ते आटले तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजराचा मृतसाठा ४७ दलघमी. आपण शून्य लिहून थांबलो असतो तर त्या ४७ पैकी किती उरले हे कुणाला कळले नसते, आणि पिण्यासाठी चर खोदून, पंप लावून उचलायचे असते ते नेमके तेच पाणी.

म्हणून सांगतो, उणे आले की शून्य दाखवा अशी दुरुस्ती कृपया करू नका. आपले यंत्र बसले तेव्हा चौकीतल्या मागच्या दुष्काळाच्या वहीची पाने कुणी चाळली असती तर हा आकडा तिथे लाल शाईने लिहिलेला सापडला असता.

---

गोदाकाठ

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं वाचून बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मी पहिली दुरुस्ती तीच केली होती, शून्याखाली गेलं की शून्य. मामांनीच अडवलं. म्हणाले, "शून्य नका करू साहेब, वहीत मी उणे लिहितो." मग त्यांची वही बघितली. होतं, लाल शाईनंच.

आत्ता जे चालू आहे ते लिहितो. चारही व्हेरिएबल बत्तीस बिटी साइन्ड. वरची मर्यादा १०० नव्हे, ११० ठेवली. त्याच्या पुढं किंवा मृतसाठा पूर्ण संपल्यावर येईल त्याच्याही खाली आकडा गेला तर पाटीवर तीन आडव्या रेघा, म्हणजे यंत्राकडं बघा. खालची मर्यादा काढणं सोपं आहे: माजलगावसारख्या आकड्यांवर उणे १४२ भागिले ३१२, म्हणजे उणे ४५ टक्के. जायकवाडीला ७३८ दलघमी मृतसाठा, म्हणजे उणे ३३. उणे चिन्ह आणि दोन आकडे तीन घरांत बसतात, पाटी बदलावी लागली नाही. पहिल्या घरातली मधली आडवी रेघ पेटवली की झालं उणे.

---

जुना_पाटबंधारे

उत्तम. एक शंका. पाणी जोत्याच्या अगदी जवळ असेल तेव्हा पाटी काय दाखवते?

---

गोदाकाठ

काका, तुम्ही विचारल्यावर कागदावर मांडलं आणि तिथं अजून एक निघालं. सी चा पूर्णांकी भागाकार शून्याच्या दिशेनं कापतो. उणे ३ दलघमी असेल तर उणे ३०० भागिले ३१२, उत्तर ०. अधिक ३ असेल तरी ०. म्हणजे उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत पाटी एकच शून्य दाखवते, आणि धरण जोत्यावर आहे की जोत्याखाली हेच त्यातून कळत नाही. अनसाइन्डमध्ये अडकलो असतो तर हे कधी दिसलंही नसतं.

पाटीच्या कोपऱ्यात एक मोकळी लाल एलईडी आहे. आता ती टक्केवारीवर नाही, थेट वजाबाकीवर जोडतोय: उपयुक्त साठा शून्याखाली असेपर्यंत लाल चालू. येत्या शनिवारी प्रकल्पावर जाणार आहे. मामांना सांगून ठेवलंय, पावसात लाल दिवा विझला की त्या दिवसाचं गेज वहीत वेगळं लिहून मला कळवायचं.